बुधवारच्या सभेत अहिराणी

लग्न होऊन मी भडगावहून धुळ्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला जवळ बसवून सांगितलं, "आपल्याकडे सारखं येणं-जाणं असतं. जरा शुद्ध बोलत जा." हे वकील. दिवाणी कोर्टात यांचं नाव होतं. मूळचे सोनगीरचे, म्हणजे माझ्याइतकेच अहिराणीत वाढलेले. पण सोनगीर यांनी तिथल्या किल्ल्याखालीच ठेवून दिलं होतं. धुळ्यात यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी चुकूनही 'शे' निघायचं नाही. मीही हळूहळू शिकले. माहेरी गेले की भावजया माझ्या बोलण्याला हसायच्या, 'पुनावाली उनी', पुण्याची आली, म्हणायच्या. पुणं तर मी तेव्हा पाहिलंही नव्हतं.

पुढे हे शहरातल्या एका सेवाभावी क्लबचे सभासद झाले आणि आमच्या घरचा बुधवार क्लबचा झाला. दर बुधवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये सभा भरायची. आधी घंटा, मग राष्ट्रगीत, मग ज्यांचे वाढदिवस असतील त्यांच्यासाठी टाळ्या, मग पाहुण्यांचं भाषण, आभार आणि जेवण. पाहुणा कोण आणायचा, हे काम यांच्याकडे होतं आणि ते कितीतरी वर्षं यांच्याकडेच राहिलं. मधुमेहावर बोलणारे डॉक्टर, किल्ल्यांवर बोलणारे मास्तर, आयकरावर बोलणारे सीए, हिमालय चढून आलेली एक मुलगी. पाहुण्याला घ्यायला हे स्वतः जायचे. चाळीसगावला नाहीतर जळगावला तो गाडीतून उतरणार असेल तर दुपारीच निघायचे. पाहुण्याची ओळख हातात कागद न घेता करून द्यायचे आणि शेवटी आभार असे मानायचे की लोक म्हणत, भाषणापेक्षा वकीलसाहेबांचे आभारच ऐकण्यासारखे होते.

बाहेरगावचा पाहुणा बहुतेक वेळा दुपारी आमच्याकडे जेवायचा. सगळ्यांना खानदेशी जेवण हवं असायचं. मी शेवभाजी करायची, भरीत करायची, कळण्याच्या भाकरी थापायची. पाहुणे तिखटाने नाक पुसत म्हणायचे, "वहिनी, हीच खरी इथली चव." सासूबाई तेव्हा हयात होत्या. एकदा त्या पदर सावरत बाहेर आल्या आणि एका पाहुण्याला त्यांनी मायेनं विचारलं, "जेवन कसं लागनं, भाऊ?" पाहुण्याला गंमत वाटली. हे घाईने म्हणाले, "आईची भाषा जरा गावाकडची आहे." त्या दिवसापासून पाहुणा आला की सासूबाई स्वयंपाकघरातच बसू लागल्या. इथली भाकरी बाहेर गेलेली चालत होती, इथलं बोलणं नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण मी भाकरी थापत राहिले.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी चहा घेताना यांनी मला काहीतरी विचारलं आणि ते शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. मला वाटलं, तोंडात बिस्किट आहे. मग कप हातातून निसटला. दवाखान्यात मेंदूतली गुठळी सापडली. जीव वाचला, उजवा हात आणि पाय काही महिन्यांनी बऱ्यापैकी कामाला आले. वाचा गेली. डोळ्यांत सगळं समजत असलेलं दिसायचं, ओठ हलायचे, घशातून नुसता आवाज यायचा.

पहिल्या आठवड्यात सगळा क्लब येऊन गेला. पुष्पगुच्छ आले. पलंगाभोवती उभं राहून फोटो काढला गेला आणि तो त्याच संध्याकाळी ग्रुपवर पडला. खाली हात जोडल्याच्या खुणा इतक्या की मोजवेनात. घरी आणल्यावर काही जण आले. महिनाभराने एकही येईना.

मग यांना पहिला शब्द आला. मी ओट्याशी होते. मागून ऐकू आलं, "पानी दे." मी वळून पाहिलं. हे दारात भिंतीला धरून उभे होते आणि स्वतःच दचकले होते. त्यानंतर एकेक करत आले ते सगळे तसलेच, अहिराणी शब्द. माले भूक लागनी. दिवा लाव. कोन उनं? आयुष्यभर घासूनपुसून कमावलेली भाषा, कोर्टातली, सभेतली, तिचा एक शब्द परत आला नाही. वाचा शिकवायला येणारी बाई म्हणाली, "काहींच्या बाबतीत होतं असं. लहानपणीची भाषा आधी परत येते. तुम्ही त्यांच्याशी त्याच भाषेत बोला."

मी बोलायला गेले तर माझीच जीभ अडखळली. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाची सवय मोडली होती. यांच्यासाठी विसरलेली भाषा मला यांच्यासाठीच पुन्हा शिकावी लागली. लोकांना हे फार गोड वाटतं. माझ्या मुलीलाही वाटलं. ती पुण्याहून आली तेव्हा आम्हा दोघांना बोलताना ऐकून तिचे डोळे भरून आले. मला त्यात काही गोड दिसलं नाही. रात्रंदिवस सेवा करताना माझ्या मनात एकच यायचं, ही भाषा सासूबाईंच्या तोंडात होती तेव्हा तुम्हाला तिची लाज वाटत होती.

बुधवार मात्र यांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्या दिवशी दुपारपासून कपाटाकडे बोट दाखवायचे. मी यांना इस्त्रीचा शर्ट घालायची, डाव्या हाताने हे खिशाला क्लबची पिन लावायला बघायचे, आणि मग बैठकीत दाराकडे तोंड करून बसायचे. कुणीतरी गाडी घेऊन येईल, अशी यांची खात्री असायची. अंधार पडला की मला विचारायचे, "कोनी उनं नही?" मी म्हणायची, "आज सभा नही शे." दर बुधवारी हेच खोटं.

शेवटी मी अध्यक्षांना फोन केला. ते बांधकामाच्या धंद्यातले. क्लबमध्ये त्यांना यांनीच आणलेलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, एखाद्या बुधवारी यांना घेऊन जाल का? मागच्या खुर्चीवर बसतील."

ते म्हणाले, "वहिनी, आमची सगळ्यांची इच्छा आहे. पण पाहुणे असतात, वातावरण जरा जड होतं. थोडे सुधारू द्या त्यांना."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

त्या सगळ्या काळात एकच माणूस नियमित यायचा. धान्याचे एक व्यापारी, क्लबचे जुने सभासद, राजस्थानातून इथे येऊन पिढ्या झालेल्या घरातले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या दुकानात दिवसभर खेड्यावरची माणसं, त्यामुळे त्यांची अहिराणी माझ्याहून पक्की. चप्पल काढतानाच ते विचारायचे, "काय वकीलसाहेब, कसं चालनं?" आणि हे खुलायचे. दोघं पावसावर, कपाशीवर, सोनगीरच्या पितळी भांड्यांवर बोलायचे, बोलायचे म्हणजे आबा बोलायचे आणि हे मधे 'हा', 'नही', 'शे ना' म्हणायचे. आबांनीच सभेत विषय काढला असावा, कारण वर्धापनदिन जवळ आला तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. "या वेळी साहेबांचा सत्कार करायचा ठरलंय. काही करायचं नाही, फक्त येऊन बसायचं."

हे ऐकून यांना झोप लागेना. रोज दुपारी आरशासमोर उभे राहून ओठ हलवायचे. सत्काराच्या दिवशी मी यांची दाढी केली, कोट घातला, आबांच्या गाडीतून आम्ही गेलो.

हॉल भरलेला होता. यांना पहिल्या रांगेत बसवलं, मी शेजारी. पाहुणे वक्ते जळगावचे होते. पूर्वी तिथल्या एका कॉलेजात शिकवायचे, आता यशस्वी जगण्यावर भाषणं देत फिरतात. त्यांचं जळगावबाहेरचं पहिलं भाषण यांनीच ठेवलं होतं. तेव्हा दुपारी ते माझ्या हातचं भरीत दोनदा मागून जेवले होते. या वेळी त्यांनी यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली.

भाषण सुरू झालं. मध्यावर त्यांनी हात पसरून आमच्याकडे निर्देश केला. "हे बघा. या सभागृहाला आपल्या वाणीने गाजवणारा माणूस. आज शब्दाला महाग झालाय. म्हणून सांगतो मित्रांनो, आज बोला, आज जगा, आज कमवा. उद्या तुम्हीही या खुर्चीत असू शकता!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतंय आणि सगळं समजतंय, याचा विचार त्या टाळ्यांत कुणी केला नाही. यांची मान खाली गेली नाही. हे त्या वक्त्याकडे बघत राहिले, आणि माझ्या हातावरची यांची पकड घट्ट होत गेली.

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. अध्यक्षांनी माइक यांच्या तोंडापुढे धरला तो फोटोसाठीच, हे मला दिसत होतं. पण यांनी डाव्या हाताने माइक पकडला आणि सोडला नाही. हे बोलले. सावकाश, प्रत्येक शब्द ओढून काढत.

"मी जित्ता शे."

थांबले. पुन्हा म्हणाले, "मी जित्ता शे. तुम्ही बठ्ठा कोठे व्हतात? कोनीच उनं नही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्या हसण्यापाठोपाठ सगळा हॉल हसला. वकीलसाहेबांच्या तोंडून अहिराणी! शिट्टी वाजली, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माइक काढून घेत म्हटलं, "वा! साहेबांचा विनोद अजून शाबूत आहे!" वक्तेही हसून टाळ्या वाजवत होते. त्या हॉलमधल्या बहुतेकांच्या आया घरात अशाच बोलत असतील. मी जिवंत आहे, तुम्ही सगळे कुठे होतात, हे शब्द कळले नाहीत, असं कुणीच म्हणू शकणार नाही.

यांनी आधी समोर पाहिलं, मग माझ्याकडे. लोक का हसताहेत हे यांना समजेना. मग समजलं. ते समजताना मी यांचा चेहरा पाहिला, आणि तेवढ्यासाठी मी या शहराला माफ करणार नाही.

"घर चाल," हे म्हणाले.

आबा आधीच उठून उभे होते. जेवणाची ताटं लागत होती, त्यांच्यामधून आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर यांनी स्वतः पिन काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ ग्रुपवर होता. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. दुपारी सांस्कृतिक समितीच्या एका बाईंचा फोन आला. "वहिनी, साहेबांना घेऊन छोटंसं अहिराणी विनोदाचं काही करता येईल का? लोकांना इतकं आवडलं!"

मी विचारलं, "ते काय म्हणाले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"हो, म्हणजे... किती निरागस ना!"

मी फोन ठेवला. यांचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला, मग माझाही. त्या बुधवारी यांनी शर्ट मागितला नाही. त्यानंतरच्याही नाही. मला खोटं बोलायची गरज उरली नाही, आणि मला वाटायचं, त्यापेक्षा ते खोटं बरं होतं. हे बोलायचेही कमी झाले. आलेले शब्द पुन्हा आत जायला लागले. आबा येतात, तेवढ्यापुरते दोन शब्द. आबांनी क्लब सोडला. कारण कुणालाच सांगितलं नाही, वर्गणी वेळेवर भरणारा सभासद गेला म्हणून तिकडे हळहळ झाली एवढंच त्यांनी हसत मला सांगितलं.

यंदा क्लबचे पदाधिकारी बदलायच्या सुमारास अध्यक्ष घरी आले. इतक्या काळात पहिल्यांदा. सोबत दोन नवे सभासद, त्यांच्या हातात काचेची मोठी ट्रॉफी. आजीवन सेवेबद्दल. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. हे खिडकीशी खुर्चीत होते. अध्यक्ष वाकून मोठ्याने म्हणाले, बहिऱ्याशी बोलावं तसं, "साहेब, ओळखलंत का?"

यांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग मान वळवून मला विचारलं, "या कोन शेतस?"

समोरचे कोण आहेत ते यांनी खरंच ओळखलं नव्हतं की मुद्दाम विचारलं, हे मला अजून माहीत नाही. मी यांना नंतरही विचारलं नाही.

मी म्हटलं, "कोनी नही."

अध्यक्षांची आई शिरपूरकडची. त्यांना समजलं. त्यांनी ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवली, नव्या सभासदांना "चला, साहेब थकलेत" म्हणाले, आणि चहाला न थांबता तिघे जिना उतरून गेले.