नवशिक्याचं सोंग

चालताना काशियानचा उजवा हात हलत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती त्याच्या बायकोच्या, आणि तीही मागून. बायकोचं नाव नोटबुर्गा. पण आमच्या दरीत पूर्ण नावाने हाक फक्त पाद्री मारतो, एकदाच, आणि तेव्हा माणूस शवपेटीत असतो. एरवी ती बुर्गी. उन्हाळा संपल्यावर वरच्या कुरणातून गाई उतरवताना पुढे काशियान, मध्ये चौदा गाई आणि शेवटी बुर्गी अशी वरात निघाली होती. गाईंच्या पाठींवरून तिने ओरडून विचारलं, "अरे, त्या हाताला काय झालं? खिशात घातल्यासारखा धरलायस, आणि खिसा तर दिसत नाही!"

"शिल्लक ठेवतोय," काशियान मागे न वळता म्हणाला. "हिवाळ्यात लागेल."

काशियानचं असं होतं. कशालाही उत्तर तयार, आणि उत्तर असं की विचारणारा हसत परत जायचा. प्रश्न तिथेच उभा राहायचा, पण त्याच्याकडे कोण बघतो? ऑगस्टात दुधाची बरणी हातातून सुटली तेव्हा म्हणाला, "मांजराची तक्रार होती." चुलीवर दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या खोपटात वास भरला, आणि हा शेजारी बसून चाकूला धार लावत होता. बुर्गी धावत आली तर म्हणतो, "कसला वास?" हे मात्र विनोद म्हणून म्हणाला नव्हता. बुर्गीने करपलेलं भांडं त्याच्या नाकापाशी धरलं. त्याने दोनदा हुंगलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्या हातचं आहे म्हणून गप्प बसलो होतो." ती हसली नाही. ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, उजळणी वर्ग होऊ दे.

तर हा उजळणी वर्ग. आमच्याकडे, ऑस्ट्रियातल्या टिरोलात, उन्हाळ्यात माणूस काहीही असतो. कुणी गवळी, कुणी सुतार, कुणी नळ दुरुस्त करणारा. हिवाळ्यात सगळे लाल डगला चढवतात आणि स्की शिकवतात. पण त्या डगल्यावर हक्क टिकवायचा तर दर तीन वर्षांनी, ऑक्टोबरअखेर, खाली गावात अजून पानं गळत असताना वर हिमनदीवर जाऊन तीन दिवस विद्यार्थी व्हावं लागतं. तीस वर्षं शिकवलेल्यालाही. तिसऱ्या दिवशी ओळखपत्रावर शिक्का मिळतो. शिक्का नाही तर डगला नाही, आणि डगला नाही तर पाच महिने घरात बसून बायकोशी बोलायचं. या भीतीने आजवर कुणी नापास झालेलं नाही.

काशियानचं वय अठ्ठावन्न, आणि शिकवायला लागून चौतीस हिवाळे झालेले. एवढ्या काळात त्याने एकच वर्ग घेतला, अगदी लहानांचा. मोठे दे म्हटलं की म्हणायचा, "मोठ्यांना आधी त्यांच्या ताठ्यावरून खाली उतरवावं लागतं, मग डोंगरावरून. दोन-दोन उतार कोण करणार?" लहान पोराला तो गुडघ्यांमध्ये घ्यायचा, दोन्ही स्कींची टोकं आत वळवून मागून पाय फाकवायचा (याला आमची पोरं पिझ्झा म्हणतात, कारण आकार तसाच होतो), आणि गाणं म्हणत हळूहळू खाली यायचा. पिझ्झा जितका रुंद तितका वेग कमी. शिकवण्याची सगळी विद्या एवढीच, पण तिच्यावर पोराचा जीव असतो. आमच्या दरीतली अर्धी माणसं आयुष्यातला पहिला उतार काशियानच्या गुडघ्यांमधून पाहून आलेली आहेत. दातांचा डॉक्टर, सरपंच, दोन्ही बेकरीवाले, आणि कोर्डुलाही. ती आता बत्तीस वर्षांची, अख्ख्या उजळणी वर्गाची मुख्य मास्तरीण.

"या रे, म्हातारे विद्यार्थी!" पहिल्या दिवशी रोपवेच्या दारात तिने स्वागत केलं. डोंगरावर कुणी कुणाला अहोजाहो करत नाही, वय काहीही असो. "काशियान, गृहपाठ केलास का?"

"केला होता. गाईने खाल्ला."

सगळे हसले आणि लोखंडी जिन्याने हिमनदीवर उतरले. या जिन्याला दरवर्षी पायऱ्या वाढवाव्या लागतात. काशियान पहिल्यांदा आला तेव्हा बर्फ थेट दारापर्यंत होता. आता बावन्न पायऱ्या आहेत, आणि दुपारी ऊन चढलं की खालून, कुठूनतरी खोलातून, पाणी वाहिल्याचा आवाज येतो. घरात कुणी आजारी असलं की बाहेरच्या खोलीत माणसं जशी जरा जास्तच मोठ्याने इकडच्यातिकडच्या गप्पा मारतात, तसे सगळे त्या आवाजावर मोठ्याने बोलतात.

पहिला दिवस झकास गेला. जिन्यावर उजवा पाय उन्हाळ्यातल्यासारखाच मागे राहत होता, पण स्की चढवली की गुमान ऐकत होता. मोठ्या वळणांवर तर काशियान पंचविशीतल्यांच्या पुढे होता. जेवताना त्याने बुर्गीला फोन लावला. "पायाचं काही नाही गं. त्याला फक्त गाईंचा कंटाळा आला होता." फोन ठेवल्यावर सूप पिताना चमचा वाटीवर किटकिट वाजायला लागला, तेव्हा त्याने तो डाव्या हातात घेतला. समोर बसलेला वेंडेलिन, उन्हाळ्यात नळ दुरुस्त करणारा, पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त, म्हणाला, "काय रे, डावखुरा कधीपासून झालास?"

"डाव्यालाही कधीतरी खाऊ दे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना कोर्डुला त्याच्या शेजारी येऊन बसली. "ऐक. आमची मेना चार वर्षांची झाली. यंदा तुझ्या वर्गात घालतेय. उद्या तिचा बाबा तिला घेऊन वर येतोय. मला तिचा तुझ्या गुडघ्यांमधला फोटो हवाय. माझा आहे ना तसा, आईने काढलेला."

"त्या फोटोत तू रडतेयस."

"तू गात होतास म्हणून."

काशियान हसला. त्याला फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, कॉफी अर्धीच ठेवून तो उठला.

दुसरा दिवस सोंगांचा. या दिवसाची सगळे वाट बघतात. टोपीत चिठ्ठ्या असतात. एकाने चिठ्ठी काढायची, त्यात लिहिलेला नवशिका व्हायचं, आणि दुसऱ्याने त्याला शिकवायचं. घाबरट कारकून, उगाच शहाणपणा करणारा जावई, काल रात्री जास्त झालेले काका. या खेळात काशियानचा हात कुणी धरू शकत नसे. त्याने एकदा वठवलेली, स्की उलटी घालून तक्रार करणारी बाई लोकांना वीस वर्षांनीही तोंडपाठ होती. त्याची पाळी आली की दुसऱ्या तुकड्या आपापले मास्तर सोडून बघायला यायच्या.

त्याने चिठ्ठी काढली. 'साठीचा पाहुणा. स्कीवर पहिल्यांदाच.' शिकवायला वेंडेलिन.

"या पाहुणे," वेंडेलिन हात चोळत म्हणाला. "घाबरू नका, आमच्याकडे मेलेल्याला पैसे परत देतात. आता हळूच पिझ्झा करा बघू."

काशियान उतारावर निघाला. डोक्यात सोंग तयार होतं: आधी दोन्ही पाय जास्त फाकवायचे, मग ओरडायचं, मग वेंडेलिनच्या गळ्यात पडायचं. डावा पाय फाकला. उजव्याला त्याने सांगितलं. उजवा पाय होता तिथेच राहिला, जसं काही बर्फाखालून कुणीतरी हात वर काढून स्की धरून ठेवलीय. काशियान गर्रकन फिरला आणि आडवा झाला.

हशा पिकला. "पाहुणे, अर्धाच पिझ्झा? उरलेला बांधून देऊ?"

तो उठला. उठायला वेळ लागला. त्यावर वेगळा हशा. पुन्हा निघाला. पायाला मनातल्या मनात सांगितलं, मग दटावलं, मग विनवलं. पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा उभा. पुन्हा आडवा. कानटोपीखालून घामाची धार आली. कोर्डुलाच्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं, एका हाताने ते पुसत दुसऱ्या हाताने ती मोबाइलवर चित्रण करत होती. "बघा, बघा तो उजवा गुडघा! असा ताठ गुडघा खऱ्या नवशिक्यालाही जमत नाही. हे मी डिसेंबरात हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या तुकड्यांना दाखवणार."

खेळाचा नियम असा की शेवटी नवशिक्याला थोडं तरी यायला लागलं पाहिजे, नाहीतर शिकवणाऱ्याचे गुण जातात. पाचव्यांदा पडल्यावर वेंडेलिन खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "आता पुरे की रे. सुधार. माझे गुण जातील."

बर्फात बसल्या बसल्या काशियान मोठ्याने म्हणाला, "या पाहुण्याला जमणार नाही."

तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा. टाळ्याही पडल्या. दूरच्या तुकडीतल्या एकाने टोपी काढून सलाम केला.

दुपारी उन्हात सगळे गच्चीवर बसलेले असताना काशियान कोर्डुलाला बाजूला घेऊन गेला. कठड्याला टेकून उभा राहिला. खालून पाणी वाजत होतं.

"कोर्डुला, ते सकाळचं. ते सोंग नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे गदगदा हलायला लागले. "नको, नको! माझं पोट अजून दुखतंय. काय चेहरा करतोस रे!" आणि त्याच्या पाठीवर थाप मारून ती शिक्क्यांचे कागद आणायला आत गेली.

आणि काशियानला सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं होतं. आता उद्या उतारावर काही झालंच तर 'मी तर बोललो होतो' हे वाक्य तयार होतं, अगदी इस्त्री करून ठेवल्यासारखं. काही म्हणजे काय, हे त्याने स्वतःशी उच्चारलं नाही. पण ते वाक्य आपल्या मनात किती चटकन आणि किती नीट बसलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या उन्हात त्याला पायापासून वरपर्यंत थंडी वाजली. पाय न ऐकण्याची भीती त्याला ऑगस्टपासून ओळखीची होती. स्वतःची अशी भीती त्याला आजवर वाटली नव्हती.

रात्रीत चार बोटं नवा बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळीच शिक्के झाले. काशियानच्या ओळखपत्रावरही तीन वर्षांचा शिक्का पडला, आणि भिंतीवर हिवाळ्याच्या वर्गांची यादी लागली. सगळ्यात लहान मुलं: काशियान. नेहमीसारखं. दहाच्या रोपवेने मेना आली, डोक्यावर भोपळ्याएवढं शिरस्त्राण, त्यात दोन डोळे.

"तू गाणार आहेस का?" तिने काशियानला विचारलं.

"तू रडणार नसशील तर."

"मी रडत नाही. आई रडायची."

जागा साधीच होती. वीस-पंचवीस पावलांचा उतार, खाली नारिंगी जाळी. जाळीच्या पलीकडे बर्फाला यंदा नवी भेग पडली होती, म्हणून तर जाळी. लोक खाली कोंडाळं करून उभे, कोर्डुला सगळ्यांत पुढे मोबाइल धरून. काशियान मेनाला घेऊन वर गेला आणि तिला गुडघ्यांमध्ये उभं केलं. तिच्या शिरस्त्राणाचा कठीण गोल त्याच्या पोटाला टेकला. चौतीस हिवाळे तिथे कुणी ना कुणी टेकलेलं होतं.

"पिझ्झा?" मेनाने विचारलं.

"पिझ्झा," तो म्हणाला, आणि पायांना सांगितलं. डावा गेला. उजवा नाही.

स्की सरकायला लागल्या. आधी वीतभर, मग हातभर. मेना आनंदाने ओरडली. काशियानला खाली माणसं दिसली, त्यांच्यामागची जाळी दिसली. काल मनात बसलेलं ते वाक्यही आठवलं. त्याने मेनाला छातीशी घट्ट धरलं आणि सगळं अंग डाव्या बाजूला टाकून दिलं. दोघं धपकन बर्फात बसली.

"आला, आला, पाहुणा परत आला!" वेंडेलिन खालून ओरडला. टाळ्या.

मेनाच्या नाकावर बर्फ होता. तिला कळेना, हसायचं की रडायचं. काशियानने तिच्या स्की काढल्या, स्वतःच्या काढल्या, सगळ्या बगलेत मारल्या आणि तिचा हात धरून चालत उतरायला लागला. प्रत्येक पावलाला खालून हशा.

कोर्डुला मुलीला घ्यायला चार पावलं वर आली. तिचा मोबाइल अजून समोर होता. मग तिने तो खाली केला. मेनाकडे नाही, काशियानकडेही नाही, ती त्यांच्या मागे बघत होती. नव्या बर्फावर मेनाचे इवलेसे ठसे होते, आणि काशियानच्या डाव्या बुटाचे सुटे सुटे. उजव्याचा एकही ठसा नव्हता. दोघं बसली होती त्या खळग्यापासून इथपर्यंत नांगर ओढल्यासारखी एकच सलग रेघ आली होती.

"काशियान," ती अगदी हळू म्हणाली, "कधीपासून?"

"ऑगस्ट."

"आणि काल मी..." तिने तोंडावर हातमोजा धरला. तिच्या मोबाइलमध्ये तो पाच वेळा पडत होता, आणि पाचही वेळा तिच्या हसण्याचा आवाज होता. तो डिसेंबरात सगळ्या तुकड्यांना ऐकू जाणार होता.

"काल कुणाला ओळखू आलं असतं?" काशियान म्हणाला. मेनाचा हात त्याने तिच्या हातात दिला. "माझ्यासाठी एक कर. भिंतीवरच्या यादीतलं माझं नाव तू खोड. मी खोडलं तर त्यांना गंमत वाटेल."

तिने मान डोलावली. मुलीला उचलून घेऊन ती वळली आणि जिन्याकडे चालायला लागली, भरभर, कुणाकडे न बघता. खाली टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. "परत एकदा!" कुणीतरी ओरडलं. "काशियान, परत एकदा!"

तिच्यामागून निघावं म्हणून काशियानने उजव्या पायाला सांगितलं, आणि वाट बघत उभा राहिला.