दीपालीचा 'अल्पसा आजार'

फोन आला तेव्हा मी पापडीत एका मैदानाच्या फाटकाशी आमच्या संघटनेच्या निवेदनासाठी सह्या गोळा करत होते. दीपालीचा भाऊ हेमंत बोलत होता. "ताई, दीपा गेली." माझ्या तोंडून पहिलं काय निघालं तर, "अपघात?" तो म्हणाला, "नाय. पायरीवर बसलेली, बुटाची नाडी बांधत. तशीच कलंडली." मी सह्यांची वही तिथेच कुणाच्या तरी हातात दिली आणि अर्नाळ्याची रिक्षा पकडली. कोळीवाड्याच्या नाक्यावर फलक लागलासुद्धा होता. तिचा स्मॅश मारतानाचा फोटो, दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वर, आणि खाली छापलेलं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मी त्या फलकासमोर उभी राहिले आणि मला रडू यायच्या आधी राग आला. कसला अल्पसा आजार? आदल्या दुपारी ही मुलगी पाच सेट खेळून आली होती.

घरात विचारलं तर काकी म्हणाल्या ॲसिडिटी. मामा म्हणाले ऊन लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, नजर, दुसरं काय. एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली की मी वही उघडते, ही माझी सवय आहे. पाण्याच्या लाइनीपासून मैदानाच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे हाच अनुभव... जिथे तीन उत्तरं असतात तिथे चौथं कुणीतरी उशीखाली दाबून बसलेलं असतं. दीपालीच्या आईकडे पाहिलं. त्या कुणालाच काही सांगत नव्हत्या, आणि माझी नजर तर हटकून टाळत होत्या. तेव्हाच मी ठरवलं, हिच्यावर पत्रक निघणार. मथळाही डोक्यात तयार होता. 'दीपालीला कोणी मारलं?'

आमची ओळख विरारच्या कॉलेजातली. मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील नोकरीसाठी चर्चगेटला जाणारे. ती अर्नाळ्याची, बापाची होडी. व्हॉलीबॉल ती शिकली ते किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या दोन बांबूंमध्ये जुनं जाळं बांधून. जाळं मासेमारीचं असल्यामुळे बॉल त्यात अडकायचा आणि सोडवेपर्यंत खेळ थांबायचा, मोठ्या मुली शिव्या घालायच्या. म्हणून बॉल जाळ्याला लावायचाच नाही हे ती आठव्या-नवव्या वर्षीच शिकली. पुढे खऱ्या नेटवरही तिचा स्मॅश नेटच्या बराच वरून जायचा आणि रेषेच्या आत असा खाली पडायचा की समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती जिल्ह्याच्या संघात गेली. राऊत सर तिचे प्रशिक्षक. होळी गावात राहणारे, निवृत्त पी.टी. शिक्षक, कमी बोलणारे. कमी बोलणारी माणसं मला तेव्हा सगळी संशयास्पद वाटायची.

मग एक दिवस दीपाली कॉलेजच्या पायऱ्यांवर येऊन बसली. "मला काढली." कोणी? "सरांनी." का? "काय माहीत... तू सरांना विचारू नको हां, ते आनखी भडकतील." बाकीचं मीच भरलं. म्हटलं, आडनाव बघितलं असेल. कोळीवाड्यातली पोर नको असेल. कुणाची तरी पुतणी आत घ्यायची असेल. ती होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, चपलेच्या टोकाने फरशीवर रेघा ओढत राहिली. आमच्या कामात एक रीत आहे. पत्रक छापायला जाण्याआधी ज्याचं नाव घ्यायचं त्याला एकदा समोर जाऊन विचारायचं, त्याचं जे असेल ते उत्तर लिहून घ्यायचं. ही रीत मी स्वतः नव्या पोरांना शिकवते. त्या वेळी मी ती पाळली नाही. पिवळ्या कागदावर पत्रक निघालं, सरांचं नाव ठळक अक्षरांत. विरार स्टेशनबाहेर वाटलं, अर्नाळ्याच्या एसटी थांब्यावर वाटलं, रविवारी मिस्सा सुटल्यावर पापडीच्या चर्चच्या फाटकाशीही वाटलं. सरांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. आठवड्याच्या आत दीपाली संघात परत आली आणि सर संघ सोडून गेले. आम्ही घोषणा दिल्या, पेढे वाटले. सर गेले याचा अर्थ चोर पळाला असाच मी घेतला.

त्यानंतर ती तीन मोसम खेळली. पण स्मॅशर म्हणून नाही, लिफ्टर म्हणून. म्हणजे दुसऱ्यांना मारायला बॉल उचलून द्यायचा. मला लगेच वास आला. म्हटलं, नवीन कोच तुझा अपमान करतोय, तुला उडी मारू देत नाही, एक पत्रक काढूया. ती हात जोडून म्हणाली, "नको गं माझे बाई! तुझं पत्रक म्हंजे उधानाचं पानी. कोनाच्या घरात घुसंल नेम नाय." आणि लिफ्टर म्हणूनही ती अशी खेळली की काय सांगू. तिच्या बोटांवरून सुटलेला बॉल हवेत क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा, मारणारीला जणू विचारून खाली यायचा. सामना संपला की ती मैदानाच्या कडेला सरळ आडवी व्हायची. मुली चिडवायच्या, म्हातारी झाली, म्हातारी झाली. ही डोळे न उघडताच म्हणायची, "गप बसा गं, मी आभाल बघते." डोळे मिटून आभाळ बघते म्हणणाऱ्या मुलीवर, एरवी प्रत्येक गोष्टीचा संशय घेणाऱ्या मला, एकदाही संशय आला नाही.

बाराव्यानंतर मी तिच्या आईसमोर बसले. म्हटलं, मावशी, मला खरं सांगा. त्या आत गेल्या आणि पावडरचा एक डबा घेऊन आल्या. त्यात गोळ्यांची पाकिटं. दीपालीच्या हृदयाचा स्नायू जाड होता. सरावात एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा तपासणीत कळलं. मोठ्या डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलेलं. "मग तुम्ही तिला खेळू कसं दिलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. मावशी म्हणाल्या, "मी? ती बोलली, कोनाला सांगशील त मी जेवनार नाय. दोन दिस जेवली नाय. आनि मना पन वाटलं, लोकांना कललं तर पोरीशी लगीन करील कोन?" मग बराच वेळ त्या डब्याचं झाकण लावत राहिल्या. ते आधीच लागलेलं होतं.

मी आई सोडली आणि डॉक्टर धरला. प्रत्येक स्पर्धेच्या फॉर्मला फिटनेसचा दाखला लागतो. आजारी मुलीला दाखला दिला कोणी? फॉर्म मिळवले. आमच्याकडे हे दाखले कसे घेतात ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बारा मुलींच्या बारा चिठ्ठ्या एकत्र नेतात, मुली सरावाला असतात, डॉक्टर वर न बघता बारा सह्या करतो. दीपालीच्या चिठ्ठीवर तीच सही, तोच शिक्का. मिळाला, म्हटलं. ओळीत बसलेल्या पेशंटांसमोर मी ती चिठ्ठी डॉक्टरच्या टेबलावर आपटली. त्याने ती सावकाश उलटी केली. "हे वरचं नाव कोणाच्या अक्षरात आहे, मॅडम? गठ्ठा घेऊन तुम्हीच यायचात ना?" माझंच अक्षर होतं. सर गेल्यावर संघाची कागदपत्रं सांभाळायला कुणी नव्हतं, ते काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. बारा सह्या चहा थंड व्हायच्या आत मिळवल्या म्हणून फुशारकीही मारली होती. त्या डॉक्टरला मी अजून सोडलेलं नाही, हा प्रकार बंद झालाच पाहिजे आणि मी तो बंद करवीन. पण त्या दिवशी मी चिठ्ठी उचलली आणि खाली मान घालून बाहेर आले.

राहिले राऊत सर. होळीला त्यांच्या वाडीत गेले तेव्हा ते दोडक्याचे वेल मांडवाला बांधत होते. मी आले हे पाहिलं तरी हातातली सुतळी संपेपर्यंत थांबले नाहीत. मग म्हणाले, "ये. पत्रक आणलंयस का?" मी म्हटलं, नाही सर, विचारायला आले. ते म्हणाले, "उशीर केलास." सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चक्कर आली तेव्हा तिला दवाखान्यात त्यांनीच नेलं, संघातून काढलं तेही त्यासाठीच. कुणाला सांगणार नाही हा शब्द तिने त्यांच्याकडून घेतला होता. "तू विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं. पण माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं असतं." आणि तुम्ही सोडून का गेलात? "तिच्या फॉर्मवर मी सही करणार नव्हतो. जाताना एवढंच सांगितलं, खेळायचंच असेल तर उडी सोड, लिफ्टर हो." मी विचारलं, पत्रक तिला... तिला काय वाटलं? सरांनी बोटाला लागलेला चीक पुसला. "घेऊन आली होती ना माझ्याकडे. हसत होती. म्हणाली, सर, आता तुम्हाला मला घ्यायलाच लागंल."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पायऱ्यांवर बसून रेघा ओढताना माहीत होतं. मी काय समजणार, काय लिहिणार, हेही माहीत होतं. मृत मैत्रिणीबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहिते. तिने मला वापरलं. त्या दिवसापासून मी आमचा एकेक प्रसंग उलटसुलट करून बघते आहे. माझ्या घरी येऊन आईच्या हातची पुरणपोळी खाणारी दीपाली खरी, की पत्रक मिळवायला आलेली? तिने मैत्री माझ्याशी केली, की माझ्या छपाईवाल्याशी? संशय घेणं हे माझं काम आहे, मी त्यात चांगली आहे असं लोक म्हणतात, पण हा संशय संपत नाही. समोर जाऊन विचारावं, तर जिला विचारायचं ती नाही. आणि मधूनच वाटतं, समजा तिने मला खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? तिला वाचवायला म्हणून तिचा खेळ मीच बंद पाडला असता. पत्रक काढून.

'दीपालीला कोणी मारलं' हे पत्रक मी काढलं नाही. सरांचं नाव पूर्वी जिथे जिथे वाटलं होतं, तिथे तिथे या महिन्यात दुसरं पत्रक वाटलं. त्यात ठळक अक्षरांत माझं नाव आहे.

अर्नाळ्याच्या थांब्यावर शेवटची पत्रकं संपली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. किनाऱ्यावर मुली खेळत होत्या, मी वाळूत जाऊन बसले. एक मुलगी सर्व्हिसला उभी राहिली. बॉल डाव्या काखेत, आणि उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर, जबड्याच्या खाली. डोळे मिटले, थांबली, मग सर्व्हिस मारली. तिच्यानंतरच्या मुलीनेही तेच केलं. तिच्यानंतरचीनेही. मी विचारलं, हे काय गं? "दीपाताईची इस्टाईल हाय. असं केलं की सर्व्हिस चुकत नाय." हजार वेळा मी दीपालीला तसं करताना पाहिलं होतं. मलाही ती स्टाईलच वाटायची.

मी त्यांना सांगितलं की ही स्टाईल नाही, ताई नाडी बघायची. सगळ्या गोळा झाल्या, एकमेकींच्या गळ्याला बोटं लावून ठोके शोधायला लागल्या, हसायला लागल्या, माझा सापडतच नाय म्हणून एक घाबरली. मग जी पहिली सर्व्हिस मारत होती, तिने बोटं न काढताच मला विचारलं, "मंग किती झाले की थांबायचं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.