भोयर काकांचा लाल टॅग

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये उरलेले स्क्रू साचलेत ना, तसे. कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा ते आठवत नाही, पण फेकवतही नाही.

भिलाईच्या नेहरू नगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरमागे बाई बघून अजूनही लोक विचारतात, "भैया कब तक आएंगे?" मी सांगते, "भैया नहीं आएंगे, मशीन दिखाओ!"

तर मागे कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा मोठा अपग्रेड आला. सगळ्यांनी न वाचता 'होय, होय' दाबलं आणि माझा फोन वाजायला लागला. वाय-फाय लागत नाही, लागलं तर टिकत नाही! फोन करणारे बहुतेक आपलेच, प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांतली मराठी म्हातारी मंडळी. वर्धा, नागपूर, अमरावतीकडून इथल्या पोलाद प्लांटच्या नोकरीला आलेली आणि इथंच राहिलेली. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती. ती पुण्याला, बंगलोरला, परदेशात गेली, मी राहिले. त्यामुळे त्यांचे आईबाप आणि आईबापांचे लॅपटॉप, दोन्ही माझ्या वाट्याला आले.

* * *

पहिला फोन वानखेडे काकांचा. रेल्वेत गार्ड होते, भिलाई-3 ला घर बांधलंय.

"रंजू, ह्या अपग्रेडनं वाट लावली पाहाय! नेटच पकडून नाही राहिलं."

गेले. लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला. दोष काही सापडेना. शेवटी विचारलं, "काका, राउटर कुठे आहे?"

काकांनी आधी दाराला कडी घातली. मग गादीखालून किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आतल्या लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांच्या डबीशेजारी राउटर हिरवे दिवे लावून बसला होता! मागून ड्रिलनं भोक पाडून वायर आत घेतली होती.

"काका, लोखंडातून वाय-फाय बाहेर कसं येईल? आणि हा इथे ठेवायला सांगितला कुणी?"

"कोनी म्हणजे? अपग्रेड झाल्यावर त्यानंच तं स्क्रीनवर लिहून सांगतलं, आपली सुरक्षा मजबूत करा!"

* * *

ढोमणे सर नेहरू नगरातच राहतात. प्लांटमधले मोठे अधिकारी होते. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा जर्मनीत. पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. सर तो घरीच कॉम्प्युटरवर, बोटाचा ठसा देऊन करतात. यंदा ठसा दिला की वाय-फाय तुटायचं आणि दाखला अर्ध्यावर राहायचा.

"मॅडम, हा काही मला जिवंत मानायला तयार नाही," सर फोनवर म्हणाले. ते मला मॅडमच म्हणतात.

अपग्रेडनं वाय-फायचा जुना ड्रायव्हर काढून नवा बसवला होता. ड्रायव्हर म्हणजे वाय-फायचं कार्ड आणि कॉम्प्युटर यांची बोलणी करून देणारा प्रोग्राम. सरांच्या जुन्या कार्डाशी नव्याचं पटेना. मी जुना परत आणला. सरांनी अंगठा टेकवला आणि या वेळी लाइन टिकली. स्क्रीनवर आलं, दाखला मिळाला.

मी टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन सर, जिवंत आहात!"

सर खूप हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "वर्षातून एकच डाव कोणी तरी विचारते, जिवंत आहेस का म्हणून. झालं. आता पुढच्या वर्षी."

चहा घेऊन जा म्हणाले. मी दोनदा घेतला.

* * *

बोंद्रे मावशी सेक्टरातल्या एका क्वार्टरमध्ये एकट्या राहतात. शाळेत शिकवायच्या, मलाही होत्या. त्यांचं वाय-फाय अगदी ठणठणीत चालू होतं. तक्रार वेगळीच.

"रंजू, अपग्रेडनं माझी नावं खाल्ली."

"कोणती नावं मावशी?"

त्यांनी वाय-फायची यादी उघडून दाखवली. आजूबाजूच्या घरांची नेटवर्कं दिसतात ना, ती. पूर्वी तिथं रांगच असायची. साहूंच्या पोरानं ठेवलेलं 'शेरखान', वरच्या मजल्यावरच्या नायर बाईंचं 'लक्ष्मी होम', मागच्या लाइनीतल्या पोरांचं 'पासवर्ड मत मांगो'. मावशी संध्याकाळी ती यादी नुसती वाचत बसायच्या. कोण घरी आलं, कोण गावाला गेलं, सगळं त्यातून कळायचं म्हणे!

आता यादीत एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. साहू रिटायर होऊन रायपूरला मुलाकडे गेले. नायर बाई केरळात परतल्या. मागच्या लाइनीतल्या क्वार्टरांना कुलपं होती, अंगणात गवत गुडघाभर वाढलेलं. हे सगळं मावशींच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

"अपग्रेडचाच लोचा आहे ना व हा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो मावशी, अपग्रेडचाच."

* * *

आता भोयर काका. या माणसानं मला जेवढं पिडलं तेवढं कुणी नाही.

काका प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे फोरमन होते. मुलगी मीनल कॅनडात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. भोयर काकूंकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे रविवारचा लॅपटॉपवरचा व्हिडिओ कॉल म्हणजेच मुलगी. काकू शनिवारी न्हाऊन घ्यायच्या आणि रविवारी चांगलं लुगडं नेसून स्क्रीनसमोर बसायच्या. अपग्रेड झाला आणि कॉल मधेच तुटायला लागला. मीनलचं तोंड उघडं, हात हवेत, आणि चित्र गार!

मी लॅपटॉप दुकानात आणला. दिवसभर चालवला, एकदाही तुटलं नाही. परत दिला. रविवारी फोन आला, "रंजू, बंद पडलं." पुन्हा आणला, पुन्हा चालला. पुन्हा दिला, पुन्हा बंद! काका म्हणाले, "तुह्या दुकानाले घाबरते ते. आमाले नाही घाबरत."

शेवटी चिडून मी रविवारीच त्यांच्या घरी जाऊन बसले. काकू लुगडं नेसून तयार. काका आले, खुर्ची ओढली आणि लॅपटॉपला हात लावायच्या आधी भिंतीतला चार्जरचा प्लग उपटून बाजूला ठेवला.

"काका, प्लग कावून काढला?" त्यांच्यासमोर मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागते.

"मंग? सप्लाय काढल्याबिगर मशीनले हात लावाचा का? जिंदगीभर नाही लावला."

सापडलं! अपग्रेडनं सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेल्या होत्या. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवायला तो वाय-फायचं कार्ड झोपवत होता. माझ्या दुकानात चार्जर कायम लावलेला, म्हणून तिथं सगळं सुरळीत. मी ती सेटिंग बदलली. प्लग लावून ठेवा म्हणून सांगायच्या भानगडीत पडले नाही. चाळीस वर्षांची सवय काय माझ्या सांगण्यानं सुटणार?

त्या दिवशी कॉल एकदाही तुटला नाही. मीनलनं उभं राहून पोट दाखवलं. काकूंनी स्क्रीनवरून हात फिरवला.

* * *

पुढचा किस्सा त्याच घरातला. काकांच्या राउटरची पिन ढिली झाली होती, ती बदलायला मला बोलावलं होतं. पाहते तर राउटरचं बटण बंद आणि बटणावर एक लाल टॅग लटकवलेला. प्लास्टिकच्या डब्याचं लाल झाकण गोल कापून त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'काम चालू है'. खाली नाव, 'भोयर'.

काका भाजी आणायला गेले होते. मी पिन बदलली आणि टॅग काढायला हात पुढे केला.

"हात नको लावू!" काकू स्वयंपाकघरातून एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकून मागे सरले. "ज्यानं लावला त्यानंच काढाव लागते."

"काकू, राउटर आहे हो. साधी डबी!"

"काही असो."

मग आम्ही दोघी काकांची वाट बघत बसलो. काकूंनी मला पोहे दिले आणि सांगितलं. लग्न नवीन होतं, भिलाईला यायच्या आधीची गोष्ट. काका तेव्हा दुसऱ्या गावच्या एका छोट्या कारखान्यात शिकत होते. देवांगन नावाचा त्यांचा जोडीदार काकूंच्या हातचं जेवायचा, काकूंना भाभी म्हणायचा. एक दिवस तो बटणावर टॅग लावून विजेच्या पॅनलच्या आत काम करत होता. त्याचा टॅग कुणीतरी काढला, काम संपलं असेल असं समजून, आणि बटण दाबलं.

"त्या दिवशी त्याचा डबा घरी वापस आला," काकू म्हणाल्या. "भरलेला."

काका आले. पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, राउटरकडे वाकून एकदा पाहिलं, मग स्वतःच्या हातानं टॅग काढला आणि बटण दाबलं. मी गंमत करायला गेले, "काका, राउटरच्या आत कोण माणूस बसलाय?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "बाई, घरी जाणारा माणूस आपला टॅग काढून जाते. टॅग लटकून हाय, म्हणजे माणूस आतच हाय. प्लांट असो का घर असो."

* * *

बाळ यायच्या आधी लाइन पक्की करायची असं काकांनी मनावर घेतलं. काकूंचे गुडघे दुखतात, तर त्यांना पलंगावर बसल्या बसल्या नात पाहता यावी म्हणून राउटर आतल्या खोलीत न्यायचा होता. नातच होणार हे काकांनी स्वतःच ठरवलं होतं! मी म्हटलं, मी करून देते. तर म्हणे, "तू सॉफ्टवेअर पाहाय. वायर माही हाय."

एका सकाळी त्यांनी वायरचं बंडल काढलं, राउटर बंद केला आणि जरा पडतो म्हणून पलंगावर टेकले. छातीत दुखतंय म्हणाले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. काका घरी आले नाहीत.

मीनलला शेवटचा महिना होता, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनीच सगळं केलं. ढोमणे सर खांदा द्यायला आले. वानखेडे काका त्या लोखंडी कपाटाच्या खोलीला कुलूप न लावताच धावत आले होते. मला फार रडू आलं. माझे स्वतःचे वडील गेले तेव्हाही इतकं आलं नव्हतं, खरं सांगते.

पुढच्या महिन्यात मीनलला मुलगी झाली. मग तिचा मला फोन.

"ताई, आईनं अजून बाळ देखा भी नहीं! तिच्या फोनवर फक्त आवाज ऐकू येतो. लॅपटॉपवर ये म्हणते, तर उद्या येतो, उद्या येतो. वाय-फाय फिर से गया क्या? तू जाऊन पाह्य ना."

मी गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या. वायरचं बंडल तसंच जमिनीवर पडलेलं, पक्कड त्याच्याशेजारी. राउटर बंद होता आणि बटणावर लाल टॅग लटकत होता.

मी टॅगकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा काकू. हात लावत नाही मी."

माझ्या मोबाइलचं नेट चालू केलं आणि लॅपटॉप त्याला जोडला. चार्जर लावलेला होता. काकू हळूहळू चालत आल्या, वाकल्या, प्लग उपटून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसल्या. साडीचा पदर नीट केला.

कॉल लागला. मीनलनं बाळाला स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. लाल चेहरा, मिटलेले डोळे, डोक्यावर दाट जावळ. कपाळ काकांचं. काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. मीनल रडत होती, मी रडत होते, काकू मात्र हसत होत्या. मग बाळाला मांडीवर घेत मीनलनं विचारलं,

"आई, इतके दिवस राउटर कावून बंद होता वो?"

काकूंनी मान वळवून टॅगकडे पाहिलं.

"तुह्या बाबाचं काम चालू हाय."