तापणारी दोन इंजिनं

राळेगावात धम्मरत्न मिस्त्रीबद्दल विचाराल तर निम्मे लोक सांगतील, माणसाच्या हाताला गुण आहे. उरलेले निम्मे सांगतील, डोकं फिरलेलं आहे. फवारणीचा पंप त्याच्याकडे दुरुस्तीला टाकला की दोन दिवस विसरायचं, मग तुम्ही कोणाची चिठ्ठी आणा की हातापाया पडा. टाकीत साधं पाणी भरून तो पंप उलटा टांगतो, खाली कोरडा कागद अंथरतो आणि कागदावर थेंब पडला तर पुन्हा सगळं खोलतो. लोक चिडतात आणि दुसऱ्या दुकानात जातात. मी त्याच्या शेजारचा शिंपी. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं आमच्या घरी म्हणतात, पण ही एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्यात माझंही शिवणकाम आहे.

बोंडअळीचं साल होतं ते. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, फवारा वर मारावा लागायचा आणि निम्मा आपल्याच अंगावर यायचा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपांची धम्माच्या दुकानासमोर रांग लागली होती. अशा ऐन हंगामात, सोमवारी सकाळी, कृषी केंद्रवाला अमर जीपमधून एक गाडी घेऊन आला. गाडी म्हणजे खेळण्यातली, रिमोटवर पळणारी, पण खेळणं म्हणायला जीभ रेटेना. शेळीच्या करडाएवढी मोठी, पेट्रोलवर चालणारी, आवाज असा की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक माप देता देता दचकलं. अमरनं ती पुण्याहून कोणाकडून तरी आणली होती. बाजाराच्या दिवशी तिच्यावर औषधाच्या जाहिराती लावून गावभर पळवायची, असा त्याचा बेत.

"पाच मिनिटं पळते अन् आगीवानी तापून बंद पडते," अमर म्हणाला. "शुक्रवारच्या बाजाराच्या आत करून दे, मिस्त्री."

धम्मानं गाडी उलटी केली, इंजिन पाहिलं आणि हसला. "हे तं आपल्या पंपाचंच इंजिन होय, साहेब. फक्त चाकं लावली."

खोटं नव्हतं ते. तसंच तळहाताएवढं इंजिन, तसंच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. आणि नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण धम्माकडे येणारे अर्धे पंप अमरच्याच केंद्रातून यायचे. धम्मानं रांगेतले पंप भिंतीकडे सरकवले आणि गाडी टेबलावर घेतली.

तीन दिवस तो त्या गाडीला चिकटून होता. मी कधी जीवघेण्या आजारातल्या माणसाची एवढी तपासणी होताना पाहिली नाही. आधी प्लग काढला, तो राखेसारखा पांढरा. "चहाच्या रंगाचा पाहिजे," धम्मा म्हणाला, "पांढरा म्हणजे इंजिन उपाशी चालून राह्यलं. हवा जास्त, पेट्रोल कमी." कार्बोरेटरचा स्क्रू त्यानं केसभर सैल केला. इंजिन चालवून त्याच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब चर्रकन नाचला आणि गायब. गाडी अजून तापतच होती. मग इंजिनाच्या पात्यांमधली धूळ आणि कापसाचे तंतू दात घासायच्या ब्रशनं काढले. मग कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर फेस आत ओढला जात होता. तिथलं गॅसकेट फाटलं होतं आणि चोरवाटेनं हवा जात होती. माझीच कात्री मागून त्यानं जाड कागदाचं नवं गॅसकेट कापलं. चहा गार व्हायच्या आत बसवलं.

तरी गाडी तापतच होती. शेवटी त्यानं वरचं प्लॅस्टिकचं टरफल हातात धरून खूप वेळ पाहिलं. अमरनं खिडक्यांच्या जागी कीटकनाशकाचे स्टिकर चिकटवले होते. हवेला आत यायला वाटच नव्हती. ब्लेडनं धम्मानं त्या जाहिरातींत खिडक्या कापल्या. पुन्हा थेंब टाकला. एक, दोन, तीन, चार मोजले तेव्हा कुठे तो सुकला. धम्मा लहान मुलासारखा खूश झाला, आणि मीही झालो, हे लपवत नाही.

पण मधल्या मंगळवारी खेमसिंग आला होता. खेमसिंग तांड्यावरचा, स्वतःचा पंप पाठीवर घेऊन रोजानं दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करायचा. उंच, बडबड्या, माझ्याकडून पायजमा शिवून घेताना दर वेळी खिसा फुकट मागणारा.

"मिस्त्री, इंजिन लय तापून राह्यलं. पाठ भाजली माही," असं म्हणून त्यानं सदरा वर केला. कमरेच्या वर हाताएवढा लाल चट्टा होता. "अन् झाकणातून थोडं गळतेही. वाकलो की पाठीवर येते."

धम्माचं डोकं गाडीत होतं. त्यानं पंपाचा स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाला, "झाकणाचं रबरी वायसर गेलं. यवतमाळवरून आणा लागते. शुक्रवारपर्यंत ठेवून दे."

"शुक्रवारपर्यंत खाऊ काय? चार वावरं बोलून ठेवले."

"मंग एक कर. गोधडीचा तुकडा ओला करून इंजिनाच्या अन् पाठीच्या मधात बांध. पाठ थंड राहीन."

आणि मी, न विचारता पुढे सरसावणारा शहाणा, माझ्याकडचा जुन्या गोधडीचा तुकडा काढला, चौघडी केली, दोन बाजूंनी पट्टे शिवले. पैसेही घेतले नाहीत. खेमसिंगनं तो तिथेच नळाखाली भिजवून बांधून पाहिला. "वा टेलर," तो म्हणाला, "हे तं एसी झालं." आम्ही तिघंही हसलो. तापलेलं इंजिन तिघांनाही दिसत होतं. गळणारं झाकण एकालाही दिसलं नाही.

शुक्रवारी बाजारात अमरची गाडी पळाली. भाजीवाल्या बाया किंचाळत बाजूला झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अमरनं धम्माला सगळ्यांसमोर पेढा भरवला. त्याच गर्दीतून तांड्यावरची एक जीप हॉर्न वाजवत यवतमाळकडे निघाली. तिच्यात कोण आहे, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

खेमसिंगला बुधवारीच डोळ्यांपुढे धुकं दिसू लागलं होतं. त्याला वाटलं, ऊन लागलं. गुरुवारी उलट्या झाल्या, तोंडातून लाळ थांबेना, तरी अर्धं वावर राहिलं म्हणून शुक्रवारी सकाळी पुन्हा पंप चढवला आणि तासातच आडवा झाला. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस काढले. रविवारी दुपारी गेला.

आठ दिवसांनी त्याचा धाकटा भाऊ देवीलाल पंप घेऊन दुकानात आला. पंपाला गोधडी तशीच बांधलेली होती, सुकून पापडासारखी कडक झालेली. दुकानात वास भरला.

"डॉक्टर म्हणे, फवारा नाकातोंडात गेला तो येगळा," देवीलाल म्हणाला, "पण पाठीवरून जास्त गेलं. तीन दिवस हे औषधानं भिजेल फडकं पाठीले चिकटून होतं. घाम अन् गरमी, कातडीनं पिऊन घेतलं." तो आमच्यावर रागावला नव्हता. त्याला गोधडी कोणाची हेही माहीत नव्हतं. "दुरुस्त करून ठेवा," एवढं सांगून तो निघून गेला.

धम्मानं माझ्या दुकानात येऊन कात्री उचलली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, झाकण ठेवून गोल आखला आणि कापला. यवतमाळचं वायसर नाही, की काही नाही. झाकण गच्च बसलं. मी घड्याळाकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. सहा मिनिटं लागली होती. गाडीसाठी तीन दिवस देणाऱ्या माणसाला खेमसिंगसाठी सहा मिनिटं सुचली नाहीत, आणि मला तर गोधडीच सुचली. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून धम्मा पंप खांद्यावर घेऊन तांड्यावर निघाला. मीही गेलो, त्याला एकट्याला जाऊ देववेना. खेमसिंगची बायको बिजलीबाई दारात तूर निवडत बसली होती. धम्मानं पंप खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं, वायसरचं सांगितलं, ओली गोधडी बांधायची अक्कल आपली हे सांगितलं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी तोंड उघडून ते सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

बिजलीबाईचे हात थांबले नाहीत. "थो तं तुमचं नाव घेत होता," ती म्हणाली. "म्हणे, मिस्त्रीनं पाठ थंड केली."

धम्मा तिथेच खाली बसला आणि रडू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि पंपाचं झाकण हातानं दाबून पाहिलं.

"आता गळते का?"

"नाही."

"तापते?"

"नाही. पण बाई, हा पंप मी वापस नेतो. कोणाच्या पाठीवर नाही देत आता."

"नेतं?" ती म्हणाली. "मंग उद्यापासून आमच्या घरी रोजी तू आणून देशीन?"

बिजलीबाईनं पंप उचलला, पट्टे स्वतःच्या खांद्यावर चढवून उंची बघितली आणि एक पट्टा दोन भोकं आवळला.