दगडावर काढलेला दगड

मंडळी, आज दुपारी आमच्या चर्चमध्ये डोकावलो आणि डोकंच फिरलं.

साताऱ्यातलं हे छोटं कॅथलिक चर्च इंग्रजांच्या काळात काळ्या दगडात बांधलंय. इथल्याच पाथरवटांनी दाराच्या कमानीवर देवळात कोरतात तसं कमळ कोरलं होतं. आज त्या कमळासकट सगळ्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आहे आणि त्यावर रंगारी चौकोन आखतोय.

"हे काय?"

"दगडाची डिझाईन हाय. लय भारी दिसतंय न्हवं?"

"अहो, आत खराच दगड आहे!"

"व्हय, पर त्यो जुना दिसत हुता."

त्याचा तरी काय दोष? भिंती नव्यासारख्या करायच्या ठरल्या, त्या बैठकीत पहिला हात मीच वर केला होता.

तुमच्या गावच्या जुन्या देवळाची बैठक झाली का हो?