मदरबाईंचा मुराळी

मदरबाईंना जिवंतपणीच देवी करून ठेवलं होतं, आणि कोकिळाला त्या साऱ्या प्रकाराची शिसारी होती. धुळ्याबाहेर, सोनगीरच्या वाटेवर, मदर सुगंधांनी उभा केलेला हा सिस्टरांचा मठ. कोकिळा तिथली स्वैंपाकीण. भर जवानीत आली ती केस पिकेपर्यंत चुलीपुढेच राहिली. शहरातून पाहुणे यायचे म्हटलं की सिस्टर लोक मदरबाईंना कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसवायच्या, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायच्या आणि पाहुण्यांना रांगेनं पाया पडायला लावायच्या. "आमच्या संस्थापिका, साक्षात संत!" म्हणे. संत! पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की त्या संताला पाणी विचारायलाही कोणी थांबत नसे.

कोकिळा मदरबाईंनाही काही सोडत नसे. "संत कसल्या डोंबलाच्या? खाष्ट सासू परवडली!" असं ती तोंडावर म्हणायची. बाईंनी गोरगरिबांचे दवाखाने चालवले, महारोग्यांच्या जखमा धुतल्या, सगळं खरं. पण आपल्याच पोरींच्या बाबतीत बाई दगड. संस्था काढली तेव्हाच त्यांनी नियम करून टाकला की सिस्टर झाली, तिचं माहेर तुटलं. सणाला जायचं नाही, दुखण्याखुपण्याला जायचं नाही. आता खान्देशात आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जायचं नाही म्हणजे काय! सासू कितीही वाघीण असो, आखाजीला मुराळी म्हणून भाऊ न्यायला आला, दारात उभा राहिला, की सून मोकळी. मग निंबाला झोके, सांजोऱ्या, आमरस, गाणी. वर्षभराचं रडू बाया तिथंच रडून घेतात.

आणि या बाईनं दारचा मुराळी परत पाठवला होता. ज्योती तेव्हा नवी सिस्टर होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून भाऊ पहूरहून उन्हातान्हाचा तिला न्यायला आला. मदरबाईंनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. ज्योती खिडकीचा गज धरून बघत राहिली. आई त्याच आठवड्यात गेली, आणि ज्योतीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कोकिळानं त्या दिवशी भाकरी थापता थापता मदरबाईंना लाखोली वाहिली होती. करावं तसं भरावं लागतं, बाई! तुझ्याही वाट्याला येईल.

आलं की! ऐंशी उलटली आणि मदरबाईंचं एकेक विसरायला झालं. प्रार्थना विसरल्या, सिस्टरांची नावं विसरल्या, शिकलेली मराठीही सुटली. राहिली ती लहानपणची अहिराणी. यंदा आखाजी जवळ आली तशा त्या एक लुगडं फडक्यात बांधून रोज सकाळी पायरीवर येऊन बसायला लागल्या.

"मना भाऊ उना का व?"

भाऊ तोताराम कधीचाच वारलेला. तरुण सिस्टर तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि मदरबाईंना दंडाला धरून आत न्यायच्या. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा पायरीवर. कोकिळाचा जीव तुटायचा, आणि या बाईसाठी तुटतो याचाच तिला संताप यायचा.

शेवटी तिनं सोनगीरपलीकडच्या गावी, तोतारामच्या पोराला फोन लावला. "भूषण, पोरांना शाळेत घालायचं होतं तेव्हा बरी आत्या आठवली रे तुला! आता मुराळी होऊन ये, नाहीतर आत्याच्या मयतीलाही येऊ नको."

भूषण आखाजीच्या सकाळी गाडी घेऊन हजर झाला. पण मठाची मोठी सिस्टर आता ज्योती होती, आणि फाटकाची किल्ली तिच्याच कमरेला.

"मदर कुठंही जाणार नाहीत," ती म्हणाली. "नियम आहे."

"चुलीत घाला तुमचा नियम!" कोकिळा कडाडली. "त्यांनी तुम्हाला छळलं म्हणून तुम्ही त्यांना छळणार, आणि वर देवाचं नाव घेणार? अहो, माहेर तुटल्याचं दुःख त्यांना तेव्हा समजत नव्हतं. तुम्हाला तर सगळं समजतं!"

ज्योतीचा चेहरा उतरला. ती मदरबाईंपुढं वाकली. "मदर, आपल्याला माहेरी जायचं नसतं. नियम आहे आपला."

मदरबाईंनी गाठोडं पोटाशी धरलं. "हाऊ नियम कोनी कया?"

पायरीवर जमलेल्या सिस्टर खाली मान घालून चपला बघायला लागल्या.

"होती एक बाई," ज्योती म्हणाली.

"तिले माय नव्हती का व?"

"मला होती, मदर." एवढंच ज्योतीला बोलता आलं. ती मटकन पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला असं कोणी पाहिलं नव्हतं.

मदरबाई आधी घाबरल्या. मग त्यांनी आपला पदर पुढं केला आणि तिचे डोळे पुसायला लागल्या.

"रडू नको व माय. तुना बी भाऊ यी."

कोकिळानं खाली घरंगळलेलं गाठोडं उचललं. ते झटकून तिनं पुन्हा मदरबाईंच्या मांडीवर ठेवलं.

ज्योती उठली. तिनं फाटक उघडलं, मदरबाईंना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि दुसऱ्या बाजूनं फिरून स्वतःही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. भूषण गोंधळून मागं बघत राहिला.

"चला, भाऊ," ती म्हणाली.