भिंतीतला वास

घरमालक काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नाकाला रुमाल. आत आले नाहीत.

"भिंतीत मुरलाय," म्हणाले. "रंग काढल्याशिवाय जायचा नाही. तुम्हा लोकांना घर द्यायचीच चूक."

माझी आई खाली बसून माझ्या भांड्यांचं बोचकं बांधत होती. काकांनी भाडं वाढवलं, मला परवडेना, म्हणून खोली सोडत होते. आई रेवदंड्याहून मदतीला आली होती. अलिबागला मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. खोली घेताना काकांनी विचारलं होतं, मासे खाता का. मी नाही म्हणाले. बापाची होडी, आई बाजारात मासे विकते, तरी नाही म्हणाले. तिथे कधी शिजवलेही नाहीत. फक्त आदल्या रात्री आईने सुकट भाजली. खिडक्या लावून.

आई उठली. हात जोडले.

"चुकला सायेब. पोरीचा काय न्हाय त्याच्यान. मीच आनला. मी पुसून देतंय."

आणि मी काय केलं? काकांसमोर तिच्यावर ओरडले. "तुला सांगितलं होतं ना, इथे आणू नकोस म्हणून!"

खोटं. सर्दीने तोंडाला चव नव्हती. मीच फोन करून सुकट मागितली होती.

आई वाकली. ओटा घासला, टाइल्स घासल्या. काका बाहेरून बोट दाखवत होते. तिथे राहिलं. वर. कोपऱ्यात. बादली मी भरून देत होते.

मग हिशेब. रंगाचे कापले. सफाईचे कापले. आईने नुकत्याच घासलेल्या ओट्याचेसुद्धा. डिपॉझिट निम्म्याहून जास्त गेलं. मी "थँक यू काका" म्हणाले. हो. थँक यू.

रिक्षात आईने हात पदराखाली झाकून घेतले. रेवदंडा येईपर्यंत ते तसेच. माफी मागायला माझं तोंडच उघडेना.

काही आठवड्यांनी माझं कुरिअर चुकून जुन्या पत्त्यावर गेलं. आणायला गेले. नवी भाडेकरू बँकेतली मुलगी. आत या म्हणाली. भिंती त्याच. माझ्या कॅलेंडरचा खिळा, त्याखालचा उजळ चौकोन, तसाच.

"रंग नाही काढला?"

"नाही. काका म्हणाले, आहे तसंच घ्यायचं."

"वास येतो का?"

तिने श्वास घेतला. "कसला?"

मी खाली उतरले. काका व्हरांड्यात पाहुण्यांबरोबर चहा पीत होते.

"रंगाचं बिल दाखवा."

"खोटं बोलून राहिलीस, आणि बिल मागतेस?"

ते खरं होतं. पण पाय हलले नाहीत.

"बोलले खोटं. कोळ्याची आहे मी. मासे खाते. सुकट मी मागवली होती, आईचा दोष नाही. आता बिल दाखवा."

पाहुणे कपात बघायला लागले. काकांनी मोबाईल काढला, रंगाचे पैसे तिथल्या तिथे पाठवले.

"झालं? जा आता."

"सफाईचे राहिले. ती माझ्या आईने केली."

ते आत गेले. दार लावून घेतलं.

घरी आले. आई वाळत घातलेले बोंबील उलटत होती. सगळं सांगितलं. त्या दिवशी तुझ्यावर ढकललं, म्हणाले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मना ठाव हाय. पन तुज्या खोलीवं मी आता न्हाय येनार."

तिची समजूत काढायचा हक्क मला नाही. तो मी घालवला.

सफाईच्या पैशांसाठी वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. काम कोणी केलं तिथे आईचं नाव घातलंय. पूर्ण नाव. मिळेपर्यंत सोडणार नाही.

सध्या रेवदंड्याहून जाऊन-येऊन करते. नवी खोली बघायला गेले की पहिलं बोलणं माझं. मी कोळ्याची. घरात मासे शिजणार. आई आली तर राहणार, आणि तिला कोणी काही बोलायचं नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा.

थळला एकाने चालणार नाही म्हणून सांगितलं. किहीमला दुसऱ्याने. उद्या तिसरीकडे जायचंय. तिथेही हेच बोलणार.